टाइप-सी बसतं, पण चालतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आता सगळं टाइप-सी झालं, म्हणजे नव्या फोनची ती दोन्हीकडून बसणारी पिन, घरात एकच चार्जर ठेवा आणि बाकीचे भंगारात द्या, असं हल्ली जो तो सांगतो. म्हणणं अगदीच खोटं नाही. आयफोनने सप्टेंबर 2023 मध्ये आपली वेगळी पिन सोडली, युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून फोन, टॅब, हेडफोन, कॅमेरा असल्या वस्तूंना टाइप-सी सक्तीचं झालं, आपल्याकडे बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने पण टाइप-सीचं स्टँडर्ड काढलंय. पण मी गोव्यात डिचोलीत मोबाइल नि बारीकसारीक इलेक्ट्रॉनिक वस्तू रिपेर करतो, आणि माझ्या टेबलावर आता फोनच्या जोडीला बीपी मशीन, दम्याच्या औषधाचा फवारा करणारं नेब्युलायझर, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, कानाच्या मशीनचे चार्जर असलं सगळं येऊन पडतं, आणि त्यातल्या कितीतरी वस्तू बिघडलेल्या नसतातच, फक्त वायर नाहीतर चार्जर भलताच लावलेला असतो. पिन आत गेली म्हणजे काम झालं असं लोक धरून चालतात, आणि विकणारा पण तेच सांगतो. माझी तक्रार विकणाऱ्यावर आहे, ते पुढे सांगतोच.

आधी थोडं मागचं. टाइप-सी ज्या घराण्यातली ते यूएसबी आलं 1996 मध्ये, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक अशा सात कंपन्यांनी मिळून केलं, आणि त्यात इंटेलकडून पुढे असलेला माणूस आपला बडोद्यात शिकलेला, अजय भट्ट. त्याआधी माउसला वेगळं पोर्ट, प्रिंटरला वेगळं, मोडेमला वेगळं. पहिलं ते चपटं, ए-टाइप, ज्यात आपण पिन एकदा उलटी घालतो, मग सुलटी, मग परत उलटी. दोन्हीकडून बसणारी केली असती तर तेव्हा वायरी वाढल्या असत्या आणि खर्च पण, म्हणून नाही केली. मग प्रिंटरच्या मागचं चौकोनी बी-टाइप, जे अजून कितीतरी ईसीजी मशीनच्या मागे दिसतं. मग मिनी, ज्याला आमच्या धंद्यात व्ही-3 म्हणतात, मग 2007 ची मायक्रो, म्हणजे व्ही-8, आणि 2014 ला टाइप-सी. दिसायला सगळ्यात साधी टाइप-सीच, पण आत 24 पिना.

त्या 24 पिनांनीच सगळा घोळ घातलाय. जुन्या ए-टाइपमध्ये चार पिना, दोन करंटच्या, दोन डेटाच्या, संपलं. टाइप-सीमध्ये बाहेरून तीच दिसणारी एक वायर फक्त चार्जिंगची असते, डेटाच्या तारा आत नसतातच, दुसरी 60 वॉटची, तिसरी 240 वॉटपर्यंत जाते पण तिला पिनमध्ये एक चिप लागते, आणि जाडजूड महागड्या वायरीत सुद्धा डेटाचा स्पीड 2000 सालच्या यूएसबी 2.0 चाच, म्हणजे सेकंदाला 480 मेगाबिट, असू शकतो. वायरीवर यातलं बहुतेक वेळा काहीच छापलेलं नसतं. पंधरा नंबरच्या आयफोनचंच बघा, साध्याला टाइप-सी असून स्पीड 480 मेगाबिटच, प्रोला 10 गिगाबिट, पोर्ट मात्र दोघांचं सारखंच.

आता माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी केस सांगतो. पोरगा बोटीवर, सुट्टीवर येताना आईसाठी हातात धरायचं छोटं नेब्युलायझर घेऊन येतो, मस्त मशीन असतं, टाइप-सी पोर्ट आहे. पोरगा परत गेला, आईने घरातला नवीन फोनचा चार्जर लावला, दोन्ही टोकं सी असलेली वायर, आणि मशीन मेलेलं. लाईट पेटत नाही, चार्ज होत नाही. मग शेजारची पोरं लॅपटॉपचा चार्जर लावून बघतात, तेही नाही. मग माझ्याकडे. मी ड्रॉवरमधला जुना, चपट्या तोंडाचा चार्जर काढतो, ए-टू-सी वायर, म्हणजे एका टोकाला चपटी ए आणि दुसऱ्याला सी, लावतो, लगेच हिरवा दिवा.

याचं कारण असं. टाइप-सीत सीसी नावाच्या दोन पिना आहेत. वस्तूच्या बाजूने त्या दोन्ही पिनांवर 5.1 किलोओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा बारीक भाग, ग्राउंडला, म्हणजे मायनसला जोडलेला असायला लागतो. टाइप-सीचा चार्जर आधी तो रेझिस्टर शोधतो, सापडला की समोर करंट घेणारी वस्तू आहे असं समजतो आणि मगच 5 व्होल्ट सोडतो, तोपर्यंत त्याच्या तोंडावर काहीच नसतं. जुना ए-टाइपवाला असल्या चौकशा करत नाही, त्याच्यावर 5 व्होल्ट कायम. आता स्वस्त वस्तू बनवणारा काय करतो, जुन्या मायक्रोचं डिझाइन तसंच ठेवतो, पोर्ट तेवढं बदलतो आणि हे दोन रेझिस्टर गाळतो. मी मानेत घालायचा एक चार्जिंगचा पंखा उघडला होता, भिंगाखाली धरला तर पोर्टच्या मागे दोन जागा छापलेल्या, टिन चढवलेल्या, चकचकीत, आणि वर काही नाही. तिळाएवढे दोन भाग, चहाच्या एका घोटाच्या पण किमतीचे नाहीत. पंख्याला मी ते लावून दिले, चालू झाला. औषधाचं मशीन मात्र मी यासाठी उघडत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी, त्यांना मी ए-टू-सी वायर आणि साधा चार्जर देतो आणि मशीनलाच रबर लावून बांधून ठेवायला सांगतो.

दुसरी भानगड म्हणजे ते पोर्ट नक्की कशासाठी आहे हेच माहीत नसणं. बीपी मशीनला टाइप-सी दिसलं की लोक रात्रभर लावून ठेवतात, आणि सकाळी वायर काढली की मशीन बंद, कारण कितीतरी मशीनमध्ये ते पोर्ट नुसतं सेलऐवजी करंट द्यायला असतं, आत चार्ज होणारी बॅटरी नसतेच, चार पेन्सिल सेल टाकायचे असतात. ग्लुकोमीटरचं तर आणखी वेगळं, काहींना मायक्रोचं पोर्ट असतं ते रीडिंग कॉम्प्युटरवर काढायला, करंट त्याला आतल्या बटण सेलचा. आणि तिथे जर नुसती चार्जिंगची वायर लावली तर कॉम्प्युटरला काही दिसतच नाही, मग डॉक्टरांना तीन महिन्यांची शुगर दाखवायची राहते आणि दोष मशीनला. काही मशीनच्या मॅन्युअलमध्ये चार्जिंग चालू असताना वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण ते मॅन्युअल इतक्या बारीक अक्षरात की ज्याला बीपी आहे त्याला चष्मा लावून पण वाचता येत नाही.

लोक विचारतात, 65 वॉटचा चार्जर लावला तर मशीन जळेल का. नीट बनवलेला असेल तर नाही जळणार. वॉटचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो, वस्तूने मागितलं नाही तर टाइप-सीवर 5 व्होल्टच येतात, 9 नि 20 व्होल्ट फोन-लॅपटॉप मागतात तेव्हा मिळतात. जळायची भीती आहे ती जुन्या गोल पिनची. लाईट गेली की वायफाय चालू राहावं म्हणून पॉवर बँकेतून राउटरला 12 व्होल्ट देणाऱ्या वायरी लोकांनी घेतल्यात, तिचं टोक गोल, आणि 6 व्होल्टच्या बीपी मशीनच्या गोल पोर्टात ते बसू शकतं. गोल पिनला व्होल्टचा नेम नाही, प्लस आत का बाहेर त्याचाही नाही. म्हणून मी टाइप-सीच्या विरोधात नाही बरं का, उलट गोल पिन गेली तर मी नारळ फोडीन. फक्त चार्जर घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी नंबर आहे का बघा, बाजारात पाटीवर ढीग लावून विकतात त्यातल्या बऱ्याच मालावर तो नसतो.

आता जरा गंभीर. दोन पिनी चार्जरला लावलेल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात, बहुतेकांनी अनुभवलंय. ती गळती, लीकेज करंट. साध्या चार्जरच्या जुन्या स्टँडर्डमध्ये दोन पिनी मालाला 250 मायक्रोअँपपर्यंत गळती चालायची, कोरड्या बोटाला त्याने काही होत नाही. पण वैद्यकीय उपकरणांचं स्टँडर्ड वेगळं, आयईसी 60601, आपल्याकडे आयएस 13450. त्यात पेशंटच्या अंगाला लागणाऱ्या साध्या भागाला नेहमीच्या स्थितीत 100 मायक्रोअँप आणि जे थेट हृदयाशी जोडलं जातं त्याला फक्त 10. छातीला ओली जेल लावून इलेक्ट्रोड चिकटवलेत, म्हणजे कातडीचा अडथळा कमी झालाय, आणि घरी वापरायचं स्वस्तातलं ईसीजीचं खेळणं यूएसबीने लॅपटॉपला नि लॅपटॉप रस्त्यावर घेतलेल्या चार्जरला, ही साखळी मला बघवत नाही. म्हणून चांगल्या मेडिकल मशीनमध्ये यूएसबीच्या वाटेवर आयसोलेशन घातलेलं असतं, म्हणजे सिग्नल पलीकडे जातो पण वायर वायरला चिकटलेली नसते. त्यामुळेच दिसायला सारखी दोन मशीनं, एक दोन हजारांचं आणि एक वीस हजारांचं. घरी ईसीजीचं काही वापरत असाल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

आणि हॉस्पिटलात पेशंटसोबत बसणाऱ्यांनी एक ऐकाच. मॉनिटरला, व्हेंटिलेटरला यूएसबी पोर्ट असतात, ते सॉफ्टवेअर अपडेटसाठी, रिपोर्ट काढायला, कंपनीच्या माणसासाठी. रात्री फोन उतरला की भिंतीवरचा प्लग दुसऱ्याने घेतलेला असतो हे मला कळतं, मी पण बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात बसलोय, पण तिथे फोन लावू नका. 2014 मध्ये अमेरिकेत भूल देण्याच्या एका मशीनचं रिकॉल झालं, तिथल्या औषध-उपकरणांच्या सरकारी खात्याने, एफडीएने ते सगळ्यात गंभीर वर्गात टाकलं, कारण काय तर त्याच्या यूएसबी पोर्टला मोबाइल वगैरे चार्जिंगला लावला तर मशीन बंद पडू शकत होतं. ऑपरेशन चालू असताना. मशीनमध्येच दोष होता हे खरं, पण फोन लावेपर्यंत तो दिसला नसता.

पावसाळ्याचं दोन ओळीत सांगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पिना हिरव्या पडतात, मोरजी-कळंगुट साइडच्या वस्तूंना मिठाचा वारा असल्याने जास्तच. ओल्या पोर्टात करंट चालू असलेली वायर खुपसली की पिन खाल्ली जाते, आधी वाळू द्या. टाइप-सी पोर्टात खिशातला कापूस दडपून बसतो आणि पिन अर्धी बाहेर राहते, तो मशीन बंद करून लाकडी टूथपिकने हळू काढा, सुई घालू नका. पोर्ट दहा हजार वेळा काढ-घाल करायला बनवलेलं असतं, पण वायरीला धरून तिरकं ओढलं तर गणपतीच्या चवथीपर्यंत पण टिकत नाही.

तर माझं म्हणणं मशीन विकणाऱ्या दुकानांना आहे, त्यात फार्मसी पण आल्या. साडेतीन हजारांचं मशीन देताना खोका उघडा, गिऱ्हाइकासमोर ए-टू-सी आणि सी-टू-सी दोन्ही वायरींनी लावून दाखवा, आणि मशीनच्या बुडाला मराठीत तीन गोष्टींचा स्टिकर चिकटवा: हे पोर्ट चार्जिंगचं का नुसत्या करंटचं का डेटाचं, वायर कुठली, आणि चार्जिंग चालू असताना वापरायचं का नाही. मोठ्या अक्षरात. एका दुकानदाराला मी हे बोललो तर तो म्हणाला गिऱ्हाइकाने ऑनलाइन बघावं. गिऱ्हाईक पंचाहत्तर वर्षांची बाई, तिने कुठे बघायचं? आरोग्य केंद्रात बीपी तपासायला येणाऱ्यांना नर्सबाई आपलं मशीन घेऊन या म्हणाल्या आणि एकदा वायर बघितली तरी कितीतरी जणांचा दुकानापर्यंतचा हेलपाटा वाचेल. माझा धंदा थोडा कमी होईल, पण वायर बदलून देण्याचे पैसे मी तसेही घेत नाही.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर अजय भट्टवाला परिच्छेद कापा, हॉस्पिटलचा तेवढा ठेवा.

आपला,
एक रिपेरीवाला वाचक, डिचोली