कवटी आधी गेली, संगणक नंतर आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘एलियन’ चित्रपटमालिकेतल्या राक्षसावर रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. पहिल्या चित्रपटातला तो काळा, लाळ गाळणारा जीव आणि त्याचे पुढचे अवतार यांच्यामध्ये काहीतरी हरवलं, हे लेखकांचं म्हणणं मला मान्य आहे. मात्र त्याचं सगळं खापर त्यांनी संगणकावर फोडलं आहे, ते पटत नाही. हा जीव बदलला तेव्हा संगणक त्याच्या आसपासही नव्हता.

१९७९च्या चित्रपटासाठी तो घडवला स्वित्झर्लंडचे चित्रकार एच. आर. गिगर यांनी. त्यांचं ‘नेक्रोनॉम ४’ हे १९७६चं चित्र दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी पाहिलं आणि राक्षस सापडला. चित्रातल्या आकृतीला मोठाले काळे डोळे होते. पडद्यावरच्या जीवाला ते ठेवलेच नाहीत, त्यामुळे तो कुणाकडे बघतोय याचा पत्ता लागत नाही. लांबट डोक्यावर अर्धपारदर्शक घुमट, आणि घुमटाखाली पुढच्या बाजूला माणसाची कवटी, डोळ्यांच्या खोबण्यांसकट. पोशाखाच्या आत बोलाजी बडेजो हा नायजेरियाचा, जवळजवळ सात फूट उंचीचा किडकिडीत तरुण होता. त्याचे हातपाय इतके लांब, की आत माणूस आहे असं मनातही येऊ नये. डोक्याची आणि जबड्याची यंत्रणा कार्लो रामबाल्दी यांची. जबडा उघडताना कडेला ताणले जाणारे ते स्नायू निरोधाच्या रबराचे होते, हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढच्या वेळी चित्रपट बघताना मात्र आलं नाही.

आता कुणी म्हणेल, ती कवटी पडद्यावर दिसते कुठे? खरं आहे. स्कॉट यांनी त्या जीवाला इतक्या थोड्या वेळासाठी आणि इतक्या अंधारात दाखवलं, की कवटी मीही आधी छायाचित्रातच पाहिली. पण तिच्यामागचा विचार अंगभर दिसतो. बरगड्या माणसाच्या, हात माणसाचे, आणि त्यांतच मिसळलेल्या नळ्या आणि यंत्राचे भाग. समोर उभं आहे ते परकं, की आपलंच काहीतरी होऊन बसलेलं, याचा उलगडा होत नाही. त्या वेळी कापलेल्या एका प्रसंगात कॅप्टन डॅलस भिंतीवरच्या कोषात अडकलेला आहे आणि शेजारी त्याच्या सहकाऱ्याचं हळूहळू अंडं होत चाललं आहे. २००३च्या आवृत्तीत हा प्रसंग पाहायला मिळतो. राणी नाही, वारूळ नाही. माणूस हाच कच्चा माल.

१९८६मध्ये दुसऱ्या चित्रपटासाठी दिग्दर्शक म्हणून जेम्स कॅमेरॉन आले आणि घुमट निघाला. कारण अगदी व्यवहारी: पोशाख घालून उड्या मारायच्या, भिंतींवरून सरपटायचं, त्यात तो तडकला तर? त्याच्या जागी कंगोरेदार डोकं आलं आणि कवटीचा विषय संपला. एकाचे अनेक झाले, आणि अनेक झाले म्हणजे त्यांची आई हवी. ती राणी कॅमेरॉन यांनी स्वतः रेखाटली आणि स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने सुमारे १४ फुटांची बाहुली उभी केली. तिच्या पोटात बसून दोन माणसं तिचे हात हलवत होती. ती बाहुली म्हणजे कारागिरीची कमाल आहे, तिला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. युद्धपटाला लागतो तसा शत्रू त्यांनी बनवला आणि त्या चित्रपटापुरतं ते बरोबरच होतं. पण मुंग्यांसारखी वसाहत आणि अंडी घालणारी राणी म्हटल्यावर तो जीव प्राणिशास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला, तो पुन्हा पुरता बाहेर आला नाही.

डेव्हिड फिंचर यांच्या १९९२च्या चित्रपटात तो कुत्र्यातून जन्मतो आणि म्हणून चार पायांवर धावतो. ज्याच्या पोटी येईल त्याचे गुण घेईल, ही कल्पना चांगली, पण तिने त्याला आणखी जनावर केलं. आपल्या पुरवणीतली चूक इथेच आहे. तो धावणारा प्राणी ‘संगणकनिर्मित’ असल्याचं छायाचित्राखाली छापलं आहे. ती काठ्यांनी हलवलेली बाहुली होती. तिचं चित्रण निळ्या पडद्यासमोर वेगळं करून मग मूळ दृश्यावर बसवलं होतं. त्याच्या कडा हिरवट दिसतात आणि प्रकाश जुळत नाही, तो या जोडकामाचा दोष. जवळून घेतलेल्या दृश्यांत टॉम वुड्रफ पोशाख घालून होते. संगणकाचा हात लागला तो शेवटी डोकं तडकतं तिथे, अशा किरकोळ जागी.

संपूर्ण संगणकीय जीव आला १९९७च्या चित्रपटात, पाण्याखाली पोहताना, आणि तो प्रसंग मला तरी त्या चित्रपटातला सर्वांत चांगला वाटतो. फसलं ते शेवटी जन्मणारं, माणूस आणि एलियन यांच्या संकराचं पिल्लू, आणि ते तर प्रत्यक्ष बनवलेली बाहुली होती! त्याला कवटीसारखा चेहरा दिला, वर केविलवाणे डोळे दिले. झाकून ठेवायचा तो माणूस उघड्यावर आणला आणि भीतीऐवजी कीव येऊ लागली. ‘प्रिडेटर’ या परग्रहावरच्या शिकाऱ्यांशी झुंजी लावणाऱ्या २००४ आणि २००७च्या दोन चित्रपटांबद्दल न बोललेलं बरं. २०१७मध्ये तर हा जीव एका यंत्रमानवाच्या हातून घडला, असं सांगून कुतूहलही संपवून टाकलं.

२०२४च्या चित्रपटात दिग्दर्शक फेडे अल्वारेझ पुन्हा पोशाख आणि बाहुल्यांकडे वळले. लेखकांनी त्याचं कौतुक केलं आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यात मला खरा हादरा दिला तो नेहमीच्या काळ्या जीवाने नाही, तर शेवटी येणाऱ्या त्या फिकट, हडकुळ्या, माणसासारख्या आकृतीने. ती भूमिका रॉबर्ट बॉब्रोत्स्की या रुमानियातल्या बास्केटबॉलपटूची आहे. उंची सात फुटांच्याही बरीच वर. म्हणजे ४५ वर्षांनंतर पुन्हा एक लांबलचक माणूसच लागला.

छायाचित्राखालचा ‘संगणकनिर्मित’ हा शब्द पुढच्या अंकात दुरुस्त करावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक