वरच्या खोलीतल्या भाडेकरूला

रामबाग, इंदूर

चि. इंजिनिअरसाहेबांस अनेक आशीर्वाद.

तोंडावर आभार मानले की तू दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळतोस, म्हणून हे पत्र.

आमच्या मराठी वर्गासाठी 2006 साली मी फ्लॅशमध्ये, म्हणजे हलती चित्रं आणि खेळ बनवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, बाराखडीचा खेळ केला होता. घरीदारी हिंदी बोलणारी इथली मराठी पोरं त्यावर 'ळ' म्हणायला शिकली. विंडोज एक्सपीचा जुना संगणक मेला आणि विंडोज 11 च्या लॅपटॉपवर खेळ उघडेचना. बाजारात एकाने जुना ब्राउझर आणि कुठूनतरी उतरवलेलं फ्लॅश प्लेअरचं प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा तुकडा, बसवून देतो म्हणून पाचशे सांगितले. मी देणारही होते!

तू अडवलंस. "काकू, प्लगइन म्हणजे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या दिलेला भाडेकरू." आमचाच भाडेकरू हे सांगतोय म्हटल्यावर हे किती हसले! त्याच वाटेने व्हायरस शिरायचे, म्हणून क्रोमने 2015 मध्येच जुन्या धर्तीच्या प्लगइनना दार लावलं. फ्लॅशने तेवढी 2020 च्या अखेरपर्यंत तग धरली. जुना ब्राउझर आणूनही भागलं असतंच असं नाही. फ्लॅशच्या शेवटच्या आवृत्त्यांच्या पोटातच तारीख होती: 12 जानेवारी 2021 पासून काहीही चालवायचं नाही. त्या दुकानदाराला हे ठाऊक नसेल? असो.

मग तू रफल बसवलंस. ते प्लगइन नव्हेच. फ्लॅशच्या फाइली वाचून चालवणारा नवा, वेगळा प्रोग्राम. माझा खेळ ॲक्शनस्क्रिप्ट 2 या फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेतला, ते रफलला चांगलं जमतं. 3 मधला असता तर कदाचित कुठे अडला असता, असं तू म्हणालास. मला धास्ती होती अक्षरांची, कारण तेव्हाचा फॉन्ट या लॅपटॉपवर नाही. पण अक्षरांचे आकार फाइलमध्येच साठवलेले, त्यामुळे 'ज्ञ'सुद्धा जसाच्या तसा उमटला. तिथे मात्र माझे डोळे भरले.

चुकलं की "पुन्हा बघ!" असं ओरडणारा आवाज यांचा. "मी इतका खेकसायचो?" म्हणून हे आता दिवसभर विचारताहेत.

पैसे घेतले नाहीस, तेव्हा रविवारी सकाळी पोहे-जिलेबीला खाली ये. पोह्यांवरचा जिरावन मसाला घरचा आहे. आणि येताना वेळ काढून ये. जोडाक्षरांच्या खेळाची फाइल सापडली आहे, त्यात आवाज चित्राच्या मागे राहतो.

तुझी,
खालची काकू