पंचाहत्तरीला कोण येणार

एडिसन, न्यू जर्सी
2 नोव्हेंबर 2025

ती. बाबांना आणि ती. आईला,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "28 डिसेंबरला येताय ना?" आणि मी "बघू" म्हणून विषय तुमच्या गुडघ्यांवर नेला. तुम्ही काही बोलला नाहीत. मग आईने फोन घेतला आणि "हॉलवाल्याला पानं किती सांगू?" एवढंच विचारलं, तेव्हा मात्र ओशाळलो. बाबा, तुमच्या पंचाहत्तरीला मी येत नाही. का, ते फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहितोय.

आमचा इथला मुक्काम कायदेशीर आहे, 2027 पर्यंतची मंजुरी हातात आहे. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का गेल्या वर्षी संपला. इथे राहायला शिक्का लागत नाही. बाहेर जाऊन परत आत शिरायला लागतो. पूर्वी तिकडे आल्यावर कागद पेटीत टाकले की काम व्हायचं. 2 सप्टेंबरपासून ती सोय जवळजवळ बंद झाली, आता मुंबईला बीकेसीत अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखत द्यायची, आपल्या तेरा वर्षांच्या थोरलीनेसुद्धा. ती तारीख वेळेवर मिळाली नाही किंवा कागद तपासणीत अडकले, तर मी मिरजेत आणि नोकरी इथे. नोकरी गेली तर इथे 60 दिवस मिळतात. घराचा हप्ता त्याहून लवकर येतो.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त लागला. "शेजारच्या काकांच्या मुलाला दोन वर्षांत ग्रीन कार्ड मिळालं, तू बारा वर्षं काय करतोयस?" बाबा, तो मस्कतला जन्मला. काका तेव्हा तिकडे नोकरीला होते, आठवतं ना? इथे पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. तो ओमानच्या रांगेत, मी भारताच्या.

तुम्ही जंक्शनच्या बुकिंगच्या खिडकीत एकतीस वर्षं काढलीत, कोटा म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगणार. समजा, महालक्ष्मी एक्स्प्रेसला मिरजेचा कोटा आणि किर्लोस्करवाडीचा कोटा अगदी सारखा ठेवला तर? इथे तसंच आहे. नोकरीच्या जोरावर वर्षाला 1,40,000 ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली 7 टक्के, म्हणजे 9,800. बायकापोरंही त्यातच मोजतात. आइसलंडची लोकसंख्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा कमी, पण मर्यादा त्यालाही तीच. बाकीच्यांचं उरलं तर आपल्याला थोडं जास्त मिळतं, पण रांगेत आपली दहा लाखांवर माणसं आहेत. हा आकडा 1990 च्या कायद्यातला. मी चौथीत होतो तेव्हाचा. आणि 2021 च्या आर्थिक वर्षात तर कचेऱ्यांच्या ढिलाईपायी आणि कोरोनापायी 60 हजारांवर कार्डं कुणालाच न देता बाद झाली. वेटिंग लिस्ट भरलेली आणि डबे रिकामे! तुमच्या खिडकीत असं झालं असतं तर लोकांनी काच फोडली असती.

रांगेतली माझी तारीख, म्हणजे माझा अर्ज दाखल झाला तो दिवस, 20 फेब्रुवारी 2015. दर महिन्याला सरकार एक तक्ता काढतं, कुठल्या तारखेपर्यंत आले ते सांगणारा. आई एकादशीला पंचांग बघते तसा मी तो बघतो. 2022 च्या जुलैत तो 1 डिसेंबर 2014 ला पोचला. तीन महिने उरले, म्हणून सूनबाईंनी फोटो काढले, लशींचे जुने कागद शोधले, फाइलला निळा दोरासुद्धा बांधला. ऑक्टोबरात तारीख उलटी फिरून 1 एप्रिल 2012 वर गेली. होम सिग्नलपर्यंत आलेली गाडी अडीच वर्षांहून जास्त मागे गेलेली तुम्ही कधी पाहिलीत? अजून ती 2013 मध्येच आहे. दोरा तसाच बांधलेला आहे.

मग कायदा का बदलत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. बदलायला निघाले होते. 2013 मध्ये सिनेटने मोठं बिल 68 विरुद्ध 32 ने मंजूर केलं, खालच्या सभागृहाने ते मतालाच घेतलं नाही. 2019 मध्ये खालच्या सभागृहाने देशवार मर्यादा काढायचं बिल 365 विरुद्ध 65 ने मंजूर केलं. सिनेटने 2020 च्या डिसेंबरात आपली वेगळी आवृत्ती एकमताने काढली. दोन्हींचा मेळ बसायच्या आत मुदत संपली. एक पक्ष म्हणतो आधी सीमा बंद करा, दुसरा म्हणतो कागदाविना राहणाऱ्यांचंही बघा, आणि आमचं बिल दोघांच्या मधे चेंगरतं. एक खरं सांगतो, विरोध करणाऱ्यांचं सगळंच खोटं नाही. एकूण आकडा न वाढवता नुसती देशवार मर्यादा काढली, तर काही वर्षं बहुतेक कार्डं आम्हीच नेऊ आणि बाकीचे ताटकळतील.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. 2013 मध्ये इथे आलो तेव्हा पहिले तीन महिने मी एका अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाकडून काम शिकून घेत होतो. आमच्यात त्याला केटी घेणं म्हणतात. तो रोज सकाळी डोनटचा खोका आणायचा, माझ्या वहीत स्वतः आकृत्या काढून द्यायचा. केटी संपली त्या शुक्रवारी त्याची नोकरी संपली. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मला दोन आठवड्यांनी कळलं. टीव्हीवर कुणी एच-वनवाल्यांच्या, म्हणजे माझ्यासारख्या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांच्या, नावाने ओरडायला लागलं की मला राग येतो, आणि मग तो खोका आठवतो.

सप्टेंबरातलं तर तुम्ही पेपरात वाचलंच असेल. 19 तारखेच्या शुक्रवारी हुकूम निघाला, एच-वनवर 1 लाख डॉलर. माझा एक सहकारी नाशिकला होता, रविवारी सर्वपित्री अमावस्येला वडिलांचं पान वाढून सोमवारी निघणार होता. त्याला ऑफिसातून मेल गेली, आहात तिथून लगेच निघा. तो शनिवारी पहाटे मुंबईच्या विमानतळावर होता. त्याच दिवशी सरकारने खुलासा केला, रक्कम फक्त नव्या अर्जांना, तीही एकदाच. तोवर तो विमानात होता. पान त्याच्या काकांनी वाढलं.

सूनबाईंचं वर्क परमिट मार्चमध्ये संपतंय. नूतनीकरण रखडलं तरी आपोआप मुदत मिळायची, ते तीन दिवसांपूर्वी बंद केलं. थोरलीचं तर अजून तिला स्वतःलाही सांगितलेलं नाही. 2033 मध्ये ती 21 ची होईल आणि तोवर आमचा नंबर लागला नाही, तर ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल.

आता कामाचं. धाकटी येतेय. ती इथे जन्मली, पासपोर्ट इथला, तिकडे यायला ओसीआय कार्ड आहे, त्यावर व्हिसा लागत नाही, तिला कुणी अडवत नाही. समोरच्या घरातले पुण्याला चाललेत, त्यांच्याबरोबर 23 तारखेला पोचेल. दादाला पुण्याहून तिला आणायला सांगा. थोरली रुसलीय, "मिरजेला जन्मले मी आणि जाणार ही!" तिच्याशी रविवारी तुम्हीच बोला, माझं ऐकत नाही.

धाकटीला वरची बर्थ हवी असते, देऊ नका, झोपेत लोळते. साय चालत नाही. औक्षणाचं तबक तिच्या हातात द्या, तिने इथे सराव केलाय. मी व्हिडिओवर असेन, आपल्याकडचे सकाळचे अकरा म्हणजे इथले रात्रीचे साडेबारा. आणि आईला सांगा, पानं तीन कमी.

तुमचा,
बाळू