आत्याच्या बांगड्या

सांगली

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि मागे सूरजचा टीव्ही. म्हणून पत्र.

बाबा, एक परवानगी हवी आहे. आमच्या गटाच्या नव्या नाटकात आत्याच्या बांगड्यांचा प्रसंग घ्यायचा आहे. नाव घेणार नाही, पण आपल्या गावात प्रयोग झाला की बघणाऱ्याला कळणारच, हे आधीच सांगते.

आत्याला मी विचारलं. ती म्हणाली, "घे की. पण दादाला आधी विचार. त्याला लोकांत मान खाली घालायला लावू नगंस." म्हणजे अजूनही काळजी तिला तुमचीच.

हा गट कसा जमला ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा बँकेतल्या आम्ही चौघी एका शाळेतल्या छावणीत भाकरी वाटायला जायचो. एका रात्री लाईट नव्हती, पोरं किरकिरत होती आणि एका म्हातारीनं जात्यावरची ओवी धरली. जातं तिकडं पाण्याखाली! एकीची संपली की दुसरी धरायची, असं करत बायका पहाटेपर्यंत जाग्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी संडासच्या रांगेवरून रोज होणारी भांडणं त्यांनीच मिटवली, पाळ्या लावून दिल्या. रात्री सोबत गायल्यामुळे सकाळी एकमेकींची नावं ठाऊक झाली होती, बाकी काही नाही. पाणी ओसरलं, गट तेवढा राहिला.

आमची पहिली दोन नाटकं मात्र भिकार होती. पाणी वाचवा, मुलगी वाचवा, शेवटी सगळ्यांनी हात वर करून घोषणा. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. तेव्हा मला तुमची आठवण झाली. जत्रेतल्या वगाला तुम्ही ढोलकीवर बसायचात आणि म्हणायचात, आधी बतावणी रंगू दे, हसायला बसलेला माणूस मधनं उठून जात नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनीही तमाशा टाकून दिला नाही. गणातलं गणपतीचं नमन काढून मायभूमी आणि शिवाजी महाराजांना वंदन आणलं, गवळण वगळली, पण ढोलकी होती तिथंच ठेवली. आता आमच्याही नाटकात पहिली दहा मिनिटं नुसती टिंगल असते, एक सासू आणि तिचा मोबाईल. मग हळूच दार लोटून आत शिरायचं.

आता आत्याचं. मी नऊ वर्षांची होते. परसात दगडावर तिचे हात धरून बांगड्या फोडल्या. मनगटाला काच लागली होती, हिरवी. आई, तू नंतर खाली बसून एक-एक तुकडा वेचत होतीस, पोरांच्या पायात जाईल म्हणून. बोलत काहीच नव्हतीस. बाबा, तुम्ही तेव्हा सोप्यात होता, पाठ करून.

आणि हे कोणत्या घरात? आजोबांचं लग्न नाना पाटलांच्या पत्री सरकारच्या काळात गांधी पद्धतीनं झालं, हुंडा नाही, मानपान नाही, हे तुम्ही आम्हाला किती अभिमानानं सांगायचात. १९४३ साली इकडं सांगलीत मराठी रंगभूमीची शंभरी साजरी होत होती आणि तिकडं कृष्णाकाठी नाना पाटलांची माणसं गावोगाव लग्नं आणि निवाडे करत होती. त्या घरातला तो दगड मला अजून उलगडत नाही. तुम्हाला दोष देत नाही. माझ्या हळदीला आत्या स्वयंपाकघरातनं बाहेर आली नाही, आणि मीही हाक मारली नाही. तेव्हा मी बी.कॉम. झालेली होते!

कृष्णेपलीकडं शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे ना, तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कागद झाला, चांगलंच झालं. पण कागदानं हात थांबत नाहीत. आमच्याच तालमीत बघा. बांगड्या फोडायचा प्रसंग आला आणि खऱ्या बांगड्या घ्यायला एकही तयार होईना. सवाष्णींना अशुभ वाटतं, बाकीच्यांना आठवण नको. शेवटी प्लॅस्टिकच्या आणल्या. त्या दगडावर आपटल्या की नुसत्या उडायच्या, हसूच यायचं.

मग गटातल्या एक काकी, साठीच्या, बावीस वर्षं मोकळ्या हातांनी वावरलेल्या, म्हणाल्या, "फोडायचं राहू द्या. मी घालून बघते." साबणाचं पाणी लावून काचेच्या हिरव्या बांगड्या चढवल्या. हात जाड झालेले, वेळ लागला. घालून झाल्यावर त्यांनी मनगट कानाशी नेऊन हलवलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. आता नाटकात बांगड्या फोडायच्या नाहीत, घालायच्या आहेत, आणि तोच प्रसंग आत्याचा म्हणून हवा आहे.

विरोध होतोच. एका गावात तरुण पोरांनीच माईकची वायर काढली. एकजण म्हणाला, घरातलं चव्हाट्यावर कशाला? गंमत म्हणजे वायर काढल्यामुळे बायका ऐकायला पुढं सरकून बसल्या, आणि खेळ संपल्यावर चावडीच्या कट्ट्यावर तासभर तिथंच राहिल्या.

५ नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, सांगलीत विष्णुदास भावे पदकाचा सोहळा असतो. त्याच संध्याकाळी आपल्या गावात मारुतीच्या देवळापुढं आमचा प्रयोग ठेवला आहे. सूरज तुम्हाला गाडीनं आणेल, त्याच्याशी बोलले आहे. बाबा, तुमची ढोलकी मी मिरजेतून पुडी बदलून आणली. गुडघे दुखत असतील तर खुर्ची ठेवू. आई, जात्यावरच्या तुझ्या दोन ओव्या पाहिजेत, मला पुऱ्या येत नाहीत.

नको वाटलं तर तसं कळवा, प्रसंग काढून टाकीन. पण फोनवर नको, लिहून कळवा.

त्या दिवशी तालमीनंतर काकींना स्टँडवर सोडायला गेले होते. एस.टी.त चढायच्या आधी त्यांनी बांगड्या उतरवल्या, पदरानं पुसल्या. मी नाटकाच्या सामानाची पेटी पुढं केली. त्यांनी त्या आपल्या पिशवीत भाजीखाली ठेवल्या आणि चढल्या.

तुमची,
माई