पुढचा ब्रेक

लीड्स, इंग्लंड, ८ मार्च

ती. बाबांना आणि आईला सा. नमस्कार.

मी खुशाल आहे. इथली थंडी आता ओसरायला लागली आहे. परवा फोनवर आईने विचारलं, "लायसन आहे ना तुझ्याकडे, मग परत मोटरसायकल शिकायला कशाला जातेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. धाकट्यालाही वाचायला द्या. खरं तर त्याच्यासाठीच लिहितेय.

इथे लायसन मिळाल्यावरही पुढचं शिकणारे पुष्कळ आहेत. शिकवणारा स्वतःच्या गाडीवर आपल्या मागे येतो, तासभर सगळं बघतो, मग कुठेतरी थांबून काय चुकलं ते सांगतो. माझे सर साठीचे आहेत, फार शांत. पहिल्या दिवशी त्यांनी मोकळ्या डांबरी पटांगणावर नेलं आणि म्हणाले, ताशी ५० ने या, खुणेपाशी गाडी थांबवा. मी खुणेच्या बरीच पुढे जाऊन थांबले. ते म्हणाले, "तुमचा पाय आधी दाबतो. हात उशिरा येतो." पाय म्हणजे मागचा ब्रेक, हात म्हणजे पुढचा.

लायसनच्या परीक्षेत दोन्ही ब्रेक लावले होते, पण दचकले की जुनी सवयच वर येते. बाबा, नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर तुम्ही स्प्लेंडर शिकवलीत ते आठवलं. "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, कोलांटी खाशील." मुंबई नाक्याला रिक्षा अचानक थांबली तेव्हा मी मागचाच ब्रेक कचकन दाबला होता, मागचं चाक सरकलं आणि गुडघा फुटला. ती चूक तुमची नव्हती. सगळं गाव हेच शिकवतं.

पण खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं, म्हणून ते लगेच घसरतं. माणूस पडतो तो पुढचा ब्रेक एकदम आवळल्यामुळे, वजन पुढे यायच्या आत. ओला कपडा पिळताना पहिला पीळ हलका देतो आणि मग घट्ट करत जातो ना, तसा हात चालायला हवा. पुढचे शॉकअप खाली बसल्याचं हाताला कळतं, मग जोर वाढवायचा. गाडी मात्र सरळ हवी. वाळूवर, ओल्या रस्त्यावर हात आणखी हलका. दुपारपर्यंत मी त्याच खुणेच्या अलीकडे थांबायला लागले होते.

धाकटा म्हणेल, माझ्या गाडीला एबीएस आहे. आहेच, २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण वेगाचा हिशोब ते बदलत नाही. इथल्या वाहतुकीच्या पुस्तकात आकडे दिलेत: ताशी ४८ किलोमीटरला थांबायला २३ मीटर लागतात, क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडं जास्त. त्यातले ९ मीटर ब्रेक लागायच्या आधीच, नुसतं भानावर येण्यात जातात. वेग दुप्पट केला की ७३ मीटर. म्हणजे साडेतीन पिच! आणि धाकटा पिंपळगावच्या रस्त्याला द्राक्षांच्या ट्रॅक्टरच्या मागे किती जवळून जातो ते मी पाहिलंय. मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर, तेही अंधार पडल्यावर.

वळणांचं शिक्षण मला सगळ्यात आवडलं. पुढे बघितलं की रस्त्याच्या दोन्ही कडा एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात. तो बिंदू आपल्यापासून लांब पळत असेल तर वळण मोकळं होतंय. तो जवळ येत असेल तर वेग कमी करायचा, तोही वळणात शिरण्याआधी. जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. मी हे शिकत होते आणि डोळ्यांपुढे नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट होता. इथे डाव्या वळणावर लेनच्या उजव्या बाजूला सरकायला सांगतात, म्हणजे लांबचं दिसतं. आपल्या घाटात तसं करू नये असं माझं मत आहे. समोरून येणारी गाडी मधली रेघ पाळेलच असं नाही. तिथे डावीकडेच राहावं आणि वेग कमी ठेवावा.

गडावरचा चैत्रोत्सव जवळ आलाय. खानदेशातून पायी येणारी माणसं रात्री रस्त्याच्या कडेने चालत असतील. धाकटा दरवर्षी मित्रांबरोबर रात्री निघतो. यंदा उजाडल्यावर निघा म्हणावं. आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला हवा, आरशाला अडकवलेलं हेल्मेट काय कामाचं?

बाबा, एक काम करा. एखाद्या रविवारी सकाळी लवकर, गर्दी नसताना, त्याला मैदानावर न्या. चुन्याची रेघ मारा. आधी ताशी २०, मग ३०, दोन्ही ब्रेक, पुढचा पिळल्यासारखा. टायरमधली हवा आधी बघून घ्या. दहा-पंधरा वेळा करू दे. मग तुमच्या स्प्लेंडरवर तुम्हीही करून बघा. तिला एबीएस नाही, त्यामुळे अगदी हळू. कुठे थांबलात ते मला फोनवर सांगा.

आईच्या गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
ताई