केमोचा फायदा नक्की किती, हे विचारा तरी

संपादक महोदय,
कॅन्सर म्हटलं की घरचे दोनच गोष्टी बोलतात, एकतर 'केमो नको, केस जातात' नाहीतर 'डॉक्टर म्हणतील ते सगळं करून टाका', मधलं कोणी विचारतच नाही. माझ्या बहिणीच्या वेळी आम्हीपण तेच केलं. ऑपरेशननंतरच्या केमोने कॅन्सर परत यायचा धोका ३० टक्के कमी होतो असं ऐकलं की भारी वाटतं, पण मुळात धोका १०० पैकी १० जणांना असेल तर तो ७ वर येतो, म्हणजे फायदा ३ जणांना, आणि मुळात ५० जणांना असेल तर तोच फायदा १५ जणांना, टक्का तोच पण हिशोब केवढा बदलला बघा!

साइड इफेक्टचंही तसंच. केस परत येतात हो, बहुतेकांचे. उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत. पण केमोच्या औषधांपैकी सिसप्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं, पॅक्लिटॅक्सेलने हातापायाला मुंग्या येतात आणि काहींच्या त्या कायमच्या राहतात, डॉक्सोरुबिसिन हार्टला त्रास देऊ शकतं. शिवणकाम करणाऱ्या माणसाला बोटं बधिर होणं म्हणजे काय ते रिपोर्टमध्ये दिसत नाही. (बहीण टेलरिंग करते, म्हणून सांगतोय.)

आणि केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, रात्री असलात तरी लगेच हॉस्पिटल गाठा. आम्ही थांबलो होतो, थोडक्यात निभावलं.

– एक वाचक