धण्याचं पाणी पी, पण लघवी तपासायला दे

अॅडलेड

चि. सौ. प्राजक्ता,
अनेक आशीर्वाद.

आईचा फोन आला होता. तुला लघवीला जळजळ होतेय, अंगात कणकण आहे, आणि तू धण्याच्या पाण्यावर दिवस ढकलतेयस म्हणाली. ‘पोटुशीनं गोळ्या घेतल्या तर बाळाला बाधतात’ असं दोघींचं ठरलंय म्हणे. पाणी खुशाल पी. पण उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा आणि लघवीची कल्चर करायला दे, म्हणजे त्यात जंतू आहेत का ते कळेल.

गोळीपेक्षा अंगावर काढलेला ताप जास्त बाधतो, बाई. इथे आमच्या वॉर्डात आईला ताप चढला की मॉनिटरवर बाळाचे ठोके 160 च्या वर पळायला लागतात. जंतू बाळापर्यंत पोचावेच लागतात असंही नाही. त्यांच्याशी लढायला आईचं शरीर जी रसायनं सोडतं, त्यांनीच आत दाह होतो, दिवस भरायच्या आधी कळा सुरू होऊ शकतात आणि बाळाच्या मेंदूलाही इजा पोचू शकते.

इथल्या विद्यापीठात या दाहावरच काम झालंय. जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-4 नावाचा एक पहारेकरी पेशींवर असतो. नॅलोक्सोन या औषधाच्या आरशातल्यासारख्या उलट्या रूपानं त्याला गप्प केलं, तर गाभण उंदरिणींचं वेळेआधी विणं टळलं, पिल्लंही जगली. 2016 साली ते छापून आलं. पण उंदरांचं ते उंदरांचं, तुझ्यामाझ्यासाठी तसलं औषध दुकानात नाही.

अगदीच लवकर बाळंतपण होणार असेल तर बाळाच्या मेंदूला जपायला मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून देतात. आपल्याकडे ते झटक्यांसाठी माहीत आहे. कॅरोलिन क्राउदर यांनी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 1062 बायकांवर त्याची चाचणी घेतली होती, 2003 ची गोष्ट. तिथवर वेळच कशाला येऊ द्यायची?

अँटिबायोटिक दिली तर कोर्स पुरा कर, दोन दिवसांत बरं वाटलं तरी. तापाला पॅरासिटामॉल चालते, डॉक्टरांना विचारून घे. कॉम्बिफ्लाम मात्र नको, त्यात आयब्युप्रोफेन असतं आणि तुला पाचवा संपत आलाय. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखलं किंवा अंगावरून पाणी गेल्यासारखं वाटलं, तर रात्र असली तरी निखिलला उठव आणि दवाखाना गाठ.

रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाक. आईशी मी बोलते.

तुझी,
ताई